युनिव्हर्सल रिमोटविषयीच्या आपल्या तक्रारीला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्या दुकानातून घेतलेल्या युनिव्हर्सल रिमोटला, म्हणजे घरातील अनेक उपकरणे चालवणाऱ्या एकाच रिमोटला, आपण दोन तारे दिले आहेत. ‘टीव्ही पाहा’ हे बटण दाबल्यावर कधी कधी सेट-टॉप बॉक्स सुरू होतो आणि टीव्ही मात्र बंद पडतो, फायर टीव्ही स्टिक (टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारे छोटे उपकरण) या रिमोटला दाद देत नाही, आणि आपल्या आईंनी कंटाळून जुने रिमोट पुन्हा बाहेर काढले, असे आपण लिहिले आहे. आपला त्रास खरा आहे. मात्र ‘ही वस्तू म्हणजे शुद्ध फसवणूक’ हा आपला निष्कर्ष मला मान्य नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

टीव्हीच्या रिमोटवरील पॉवरचे बटण बहुधा एकच संकेत पाठवते आणि त्याच संकेताने बंद टीव्ही सुरू होतो व सुरू असलेला बंद होतो. इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी चालणारा, रिमोट फक्त संकेत पाठवतो. पलीकडचे उपकरण कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याला कळण्याची सोय नसते. ‘टीव्ही पाहा’ हे बटण टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार यांना एकामागून एक संकेत पाठवते, त्यामुळे ते पूर्ण होण्याआधी हात खाली गेला किंवा मध्येच कोणी आडवे आले, तर एक संकेत चुकतो आणि तिथून पुढे टीव्ही व बॉक्स एकमेकांच्या उलट चालू लागतात. अशा वेळी आधी टीव्हीची कळ निवडून पॉवर एकदाच दाबावे, म्हणजे दोन्ही पुन्हा जुळतात.

याला कायमचा उपायही आहे. पुष्कळ टीव्ही ‘फक्त सुरू’ आणि ‘फक्त बंद’ असे दोन स्वतंत्र कोड ओळखतात, पण मूळ रिमोटवर त्यांची बटणेच नसतात. त्यामुळे मूळ रिमोट समोर धरून त्याचे संकेत टिपून घेण्याच्या पद्धतीने ते या रिमोटला शिकवता येत नाहीत. ते बाहेरून भरावे लागतात, आणि आपला टीव्ही ते ओळखत असेल तर आम्ही ते भरून देऊ. तसेच बॉक्सला जागे व्हायला वेळ लागत असेल, तर दोन संकेतांमधले अंतरही वाढवता येते.

स्टिकची गोष्ट वेगळी आहे. तिचा रिमोट तिच्याशी ब्लूटूथने बोलतो आणि स्टिकमध्ये इन्फ्रारेड घेणारा डोळा नसतो, म्हणून आपला रिमोट कितीही शिकवला तरी तो थेट स्टिक चालवू शकणार नाही. या रिमोटच्या खोक्यावर ‘इन्फ्रारेड उपकरणांसाठी’ असे लिहिलेले असते ते याच कारणाने. मात्र टीव्हीत एचडीएमआय-सीईसी असेल (एचडीएमआयने जोडलेली उपकरणे एकमेकांना चालवू शकतील अशी सोय; सॅमसंग त्याला एनीनेट प्लस म्हणते, एलजी सिंपलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक) आणि ते टीव्ही व स्टिक या दोन्हींच्या सेटिंगमध्ये सुरू केले, तर टीव्हीला गेलेले बाणांचे आणि ‘ओके’चे संकेत टीव्ही बहुधा स्टिककडे पोहोचवतो. आवाजी शोधासाठी मात्र स्टिकचा स्वतःचा रिमोट हाताशी ठेवावाच लागेल.

आपल्या आईंविषयीचे वाक्य मला सर्वांत जास्त लागले, कारण हा रिमोट मी मुख्यतः घरातील ज्येष्ठांसाठीच विकायला ठेवतो. आवाज नेहमी साउंडबारचाच आणि चॅनेल नेहमी बॉक्सचेच बदलेल अशी बटणे कायमची बांधून ठेवली, म्हणजे प्रत्येक वेळी उपकरण निवडण्याची कटकट उरत नाही, आणि मूळ रिमोट हरवलेला जुना अॅम्प्लिफायरसुद्धा, त्याचे कोड मिळाले तर, पुन्हा वापरात येतो. आपल्या घरी मात्र जवळजवळ सगळे स्टिकवरच पाहिले जात असेल, तर या रिमोटची आपल्याला गरज नाही, आणि तसे असल्यास तो परत घेऊन मी पूर्ण रक्कम देईन.

आधी एकदा जुळवणी करून पाहावी, अशी विनंती आहे. दुकानात येताना सर्व मूळ रिमोट आणि टीव्हीच्या मागील पट्टीवरील मॉडेल क्रमांकाचा फोटो सोबत आणावा. आईंना प्रत्यक्ष दाखवायचे असेल, तर आमचा माणूस घरी येऊन, कोणतेही शुल्क न घेता, त्यांच्यासमोरच बटणे बांधून देईल.

आपला विश्वासू,
दुकानमालक