बस्तरमध्ये आईला कुणाकडे नेऊ?

डॉक्टरसाहेब,

छत्तीसगडच्या तीन वर्षांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही विचारलंत: तीन वर्षं शिकलेला माणूस खेड्याला आणि एमबीबीएस मुंबईला, हा कुठला न्याय? स्वतःच्या आईला नेलं असतंत त्याच्याकडे?

दादरला राहून नाही नेणार. इथे एकेका गल्लीत दोन-दोन एमडी बसलेत. बस्तरच्या आतल्या गावात राहत असते, तर नेलं असतं. तिथे एमबीबीएस उपलब्धच नसेल, तर उरतं आरोग्य केंद्राचं कुलूप, नाहीतर काहीही न शिकता सुई टोचणारा.

छत्तीसगड राज्य झालं 2000 मध्ये, तीन वर्षांचा अभ्यासक्रम आला 2001 मध्ये. मेडिकल कौन्सिलचा विरोध, अभ्यासक्रमाच्या नावाचे घोळ, मुलांचे संप, आणि 2008 पर्यंत सगळं गुंडाळलं. बाहेर पडलेल्यांना सरकारनं ग्रामीण वैद्यकीय सहाय्यक म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमलं. पुढे अभ्यासकांनी त्यांना एमबीबीएस अधिकाऱ्यांशेजारी ठेवून तपासलं, तर जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया अशा रोजच्या आजारांत ते जवळपास तोडीस तोड निघाले.

आणि हे आपल्याला नवं कुठे आहे? परळचं, 1912 चं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तिथली परवाना परीक्षा दिलेले एल.सी.पी.एस. डॉक्टर मुंबई इलाख्यात दवाखाने चालवायचे. आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं 1946 च्या अहवालात देशातले डॉक्टर मोजले सुमारे 47,500. त्यांत जवळजवळ 30,000 असेच परवानावाले. तरीही समितीनं ती वाट बंद करा म्हटलं. काही सदस्यांचा विरोध होता, तो अहवालातच राहिला.

एक मात्र तुमचं खरं. अडलेल्या बाळंतिणीला सिझेरियन लागलं, तर हा सहाय्यक कामाचा नाही. सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञांची तूट देशभर 80 टक्क्यांच्या आसपास आहे. ती अशा अभ्यासक्रमानं भरणार नाही, आणि तसं मी लिहिलंही नव्हतं.

एमबीबीएसनंतर सरकारी सेवेच्या बाँडची सक्ती करा, म्हणता. महाराष्ट्रात वर्षभराचा बाँड होताच की! कित्येक वर्षं दहा लाख भरून सुटता यायचं. जे जायचे त्यांतले बरेच पीजीच्या पुस्तकांत डोकं घालून वर्ष काढायचे. त्यांना दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. पण रुग्णाला दरवर्षी नवा चेहरा का?

2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातल्या कलम 32 नं एमबीबीएस नसलेल्यांसाठी मर्यादित परवान्याची सोय पुन्हा केली, तेव्हा आयएमए ही डॉक्टरांची संघटना रस्त्यावर उतरली. तुम्ही सभासद असाल, तर संघटनेनं बस्तरला दुसरं कोण पाठवायचं ठरवलंय तेवढं कळवा.