आभाराची वही आणि टँकर

लातुरात राहून लेकरांना शाळेत न घालणं म्हणजे पंढरपुरात राहून विठ्ठलाला ओळख न दाखवणं. अभ्यासाच्या ज्या ‘लातूर पॅटर्न’साठी नांदेड, बीड, परभणीहून पोरं वळकटी घेऊन भाड्याच्या खोल्यांत येऊन राहतात, त्याच गावात आम्ही आमची दोन्ही लेकरं घरीच शिकवायला घेतली. गल्लीनं विचारलं, “कामून? फीचं काही जमंना का?” दहावीचं काय, तर बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरू, असं मी सांगितल्यावर सासूबाईंनी जे डोळे मिटले ते जेवायलाच उघडले. त्यांच्या लेखी तो फॉर्म वाया गेलेल्यांचा.

४ जुलै २०१५ ला राज्यभर शाळाबाह्य मुलांची मोजणी झाली, तेव्हा आमच्याही दारात माणसं आली. मोजलेल्या मुलाच्या बोटाला शाई लावत होते. धाकटा नंतर आठवडाभर ‘मी मतदान करून आलो’ म्हणत बोट दाखवत हिंडला.

आणि मग २०१६ चा उन्हाळा आला.

मांजरा धरण कोरडं. नळाला आधी हवा यायची, मग तीही येईना. बोअर आटला. भिंतीवर मी स्केचपेननं रंगवलेलं वेळापत्रक होतं, आठ ते नऊ गणित, नऊ ते दहा भाषा. टँकरनं ते कधी वाचलंच नाही. तो भर दुपारी यायचा, मध्यरात्री यायचा, आणि ‘येणार येणार’ म्हणून अख्खी गल्ली उंबऱ्यात बसवून दुसऱ्याच गल्लीत जायचा. आमच्याकडं घरटी एक टिपाड पाणी मिळे. टिपाड दोनशे लिटरचं. पाइपाच्या तोंडाला सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधायचा, धाकट्यानं तो दोन्ही हातांनी आवळून धरायचा, थोरलीनं आत वाकून “चार बोटं राहिली!” असं ओरडायचं, आणि ड्रायव्हरनं नेमका त्याच चार बोटांना पाइप काढून घ्यायचा.

नागरिकशास्त्र मात्र त्या वर्षी चांगलं झालं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी १४४ कलम लागलं. पाचापेक्षा जास्त माणसं जमायची नाहीत. आम्ही घरात सहा. कोणी घरी थांबायचं यावर लोकशाही पद्धतीनं मतदान झालं आणि सासरे बिनविरोध निवडून आले. त्यांचे गुडघे पहिल्यापासून त्याच पक्षात होते.

अशात मी कुठंतरी वाचलं, की वाईट दिवसांत लेकरांना रोज तीन गोष्टींचे आभार लिहायला लावावेत, मन प्रसन्न राहतं. शाळा आमचीच असल्यामुळं परिपत्रक लगेच निघालं. दोनशे पानी वही आणली. पहिल्या दिवशी थोरलीनं लिहिलं: “१. टँकर आला नाही, म्हणून भांडण झालं नाही. २. भांडी कमी घासली, कारण पत्रावळीवर जेवलो. ३. आजोबा आज पेपर वाचताना चिडले नाहीत, कारण झोपले होते.” धाकट्याचं पान सुटसुटीत होतं: “आंघोळ नाही. आंघोळ नाही. आंघोळ नाही.”

मी म्हटलं, “अरे, हे आभार आहेत का?”

“मग तक्रार वाटायली का तुला?”

त्याच्या चेहऱ्याकडं बघून कबूल करावं लागलं की नाही.

गल्लीत मात्र आमचा भाव वधारला. बाकीची पोरं क्लासला, मोठी माणसं कामावर, आणि टँकर आला तर दारात हजर कोण, तर आमचे शाळाबाह्य. ज्या काकू वर्षभर “लेकरांचं वाटोळं करायलाव बाई” म्हणत होत्या, त्याच एक दिवस लाडू घेऊन आल्या. “ताई, तुमची लेकरं घरीच असतेत ना? आमच्या टिपाडावर तेवढी नजर ठेवायला सांगा.” बघता बघता निम्म्या गल्लीच्या किल्ल्या आमच्या खुंटीवर. वाटोळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही. आभार मानायचेच तर मी त्या टँकरचे मानीन, पण त्याच्या तोंडावर नाही. चार बोटं अजून बाकी आहेत.

एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. गाडीचे डबे आधी राजस्थानात कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेनं धुतलेले. आमच्या ह्यांना ते कळल्यावर म्हणाले, “बघा, लातूरला यायचं तर पाण्यालासुद्धा कोट्याचा क्लास करावा लागला.” पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. थोरलीनं लगेच २०११ च्या जनगणनेतली शहराची लोकसंख्या काढली, पावणेचार लाखांच्या वर. भागाकार करून म्हणाली, “माणशी सव्वा लिटर आणि वर दोन घोट.” सासरे म्हणाले, “माझे दोन घोट कुठंत?” पुढं पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली, तेव्हा हिशेब माणशी साडेसहा लिटरवर गेला. सासऱ्यांनी स्वतःची अर्धी बादली अंगणात वेगळी काढून ठेवली आणि तिच्याजवळ खुर्ची टाकून बसले.

त्या रात्री आभाराची वही तपासायला घेतली. थोरलीनं कृष्णा नदी, मिरजेची माणसं आणि इंजिन ड्रायव्हर यांचे रीतसर आभार मानले होते. धाकट्याच्या पानावर एकच ओळ होती: “आईला पाण्याच्या नादात गणित घ्यायचं सुचलं नाही, म्हणून आईचे आभार.”

मी सही केली आणि खाली दहा भागाकार लिहून दिले.