स्टीअरिंगमध्ये मुद्दाम ठेवलेल्या खेळाबद्दल

नमस्कार. तुमची तक्रार वाचली. आमच्याकडे काम होऊनही स्टीअरिंगला दोन बोटं खेळ (चाकं न वळता स्टीअरिंग नुसतंच हलणं) राहिला, वर आम्ही स्टीअरिंग बॉक्स उघडायचा खर्च सांगितला, आणि दुसऱ्या मेकॅनिकने बॉक्सच्या झाकणावरचा स्क्रू आवळून तोच खेळ पाच मिनिटांत घालवला, असं तुम्ही लिहिलं आहे. पैसे मोजून काम अर्धवट मिळालं असं वाटलं तर राग येणारच. पण आधी एक कळकळीची विनंती: तो स्क्रू तपासून घेईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.

तुमच्या गाडीचा बॉक्स वर्म आणि रोलरचा आहे, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्यावर स्क्रूसारख्या आट्यांचा वर्म आणि त्यात अडकून चाकं वळवणारा रोलर. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे वर्म मधोमध सगळ्यात जास्त झिजतो आणि टोकांकडे जवळपास मूळ मापाचाच राहतो. नव्या बॉक्समध्ये मधोमध बसणी सगळ्यात घट्ट असते, दोन्ही टोकांकडे ती मुद्दाम सैल ठेवलेली असते. म्हणून तर मॅन्युअलमध्ये चाकं सरळ ठेवून खेळ काढा असं लिहितात. झिजलेल्या बॉक्सला ती सूचना तशीच लावली की घात होतो. स्क्रू आवळला की रोलर वर्मकडे सरकतो. मधला खेळ शून्य होईपर्यंत आवळत गेलात तर टोकाकडे, जिथे वर्म झिजलेलाच नाही, तिथे रोलर त्यावर दाबून बसतो. मग मोठ्या वळणात स्टीअरिंग जड होतं, वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ होत नाहीत, हळूहळू वर्मचे टवके उडायला लागतात. सरळ रस्त्यावरचा थोडा खेळ चालवणाऱ्याला कळतो आणि सांभाळता येतो. ऐन वळणात अडकलेलं स्टीअरिंग सांभाळता येत नाही.

बॉक्सला हात लावण्याआधी आम्ही एकाला स्टीअरिंग हलवायला बसवून खाली एकेक सांधा पाहिला, कारण खेळ दरवेळी बॉक्समधलाच असतो असं नाही. टाय रॉडचा (पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचा) एक बॉल जॉइंट संपलेला होता, तो बदलला. बॉक्स चासीला धरून ठेवणारे बोल्ट ढिले होते, ते आवळले. किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती) आणि व्हील बेअरिंग ठीक होते. मग ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकांकडे जाणारा दांडा) सोडवून आधी वर्मचा मागेपुढे होणारा खेळ शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी करून काढला आणि त्यानंतरच रोलरचा स्क्रू धरला. हा क्रम उलटा झाला तर दोन्ही मापं चुकतात. स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधली, तिथे ते मोकळं फिरेल एवढंच आवळलं आणि स्क्रू हलू नये म्हणून लॉकनट बसवला. मधोमध राहिलेला खेळ म्हणजे वर्मची झीज. ती कुठल्याही स्क्रूने भरून निघत नाही.

बॉक्समध्ये कुणीतरी ग्रीस भरलं होतं. तेल अडवणारं सील गळायला लागलं की बरेच जण हेच करतात. पण घट्ट ग्रीस वर्मने एकदा बाजूला सारलं की परत जागेवर येत नाही आणि धातू कोरडा घासत राहतो. आम्ही ते साफ करून सील बदललं आणि गिअर ऑइल भरलं. त्याची पातळी बघत राहा.

आता तपासणीचं. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्या, आणि स्टीअरिंग सावकाश टोकापर्यंत दोन्हीकडे फिरवा. मधोमध हलकं आणि टोकाकडे जड लागलं तर स्क्रू जास्त आवळलेला आहे. ड्रॅग लिंक काढून हे पाहिलं तर आणखी स्पष्ट कळतं.

बॉक्स उघडायचा म्हणजे वर्म आणि रोलर दोन्ही बदलायचे, सोबत सेक्टर शाफ्टचे (रोलर ज्यावर बसतो त्या दांड्याचे) बुश. एकच भाग बदलला तर जुना भाग नव्याला खातो, म्हणून खर्च जास्त सांगितला. ते काम लगेच करा असं आम्ही म्हटलं नव्हतं, आजही म्हणत नाही; पण खेळ यापुढे वाढला तर दुसरा इलाज नाही. स्क्रूची तपासणी आमच्याकडे करायची असेल तर गाडी टो करून पाठवा, तपासणीचे पैसे घेणार नाही. बदललेला बॉल जॉइंट ठेवलेला आहे, तोही पाहून घ्या. तुमच्या मेकॅनिककडेच जायचं असेल तर हे उत्तर त्यांना वाचायला द्या आणि तपासणी तुमच्यासमोर करायला सांगा.