ओ वकीलसाहेब!

गेल्या मंगळवारपासून मी एका रीलमध्ये आहे. चार सेकंद. उजवा हात वर, तोंड उघडं, कपाळावर घाम, आणि माझ्या कानाशी एक लाल बदाम फडफडतोय. खाली लिहिलंय, ‘सोलापूरच्या काकांचं प्रेम’. पुण्याच्या मेहुणीनं ते आधी तिच्या बहिणीला पाठवलं, मग फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि वर विचारलं, ‘भाऊजी, या वयात?’

ग्रुपवर खुलासा करू नये, तो केला की माणूस जास्तच दोषी दिसतो. म्हणून इथं करतोय.

मंगळवारी आमच्याकडे पाणी होतं. सोलापूरबाहेरच्या माणसाला हे वाक्य अर्धवट वाटेल. आमच्याकडे पाणी ‘असतं’ ते चार-पाच दिवसांतून एकदा, तास-दीड तास. बाकीचे दिवस ते उजनीत असतं. ११७ टीएमसीचं धरण. ते भरलं की पेपरात दरवाजे उघडल्याचा रंगीत फोटो येतो, तो बघत बघत आम्ही कोरड्या नळाखालची बादली सरळ करून ठेवतो. पाण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत कोणी साखरपुडा ठेवत नाही. ठेवलाच, तर नवऱ्या मुलाची आईसुद्धा मधूनच ‘मोटर बंद केली का गं?’ असं विचारून जाते.

तर नेमका त्या दिवशी टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तो गोळा, तुटला. पाणी अकराला येणार, दहा वाजले होते. नवी पेठेत जाऊन नवा आणायचा, वीस मिनिटांचं काम. बायकोला तसं सांगून निघालो. हे वाक्य तिनं नंतर मला सात वेळा ऐकवलं.

नवी पेठेच्या तोंडालाच स्कूटर अडकली. पुढे काळ्या टी-शर्टातले चार बाऊन्सर, मागे रिक्षा, उजवीकडे कैऱ्यांच्या पाट्या, डावीकडे माणसं. ऊन बेचाळीस अंशांचं. मोबाइलच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि त्याला एक रीलस्टार येणार होता. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही शोधाल, आणि त्याचे फॉलोअर फुकटात वाढतील. बारा लाख आहेत म्हणे. तो काय करतो, हे मी नंतर भाच्याला विचारलं. भाचा म्हणाला, “मामा, तो केस उडवतो.” म्हटलं, आणि? “आणि काही नाही. पण स्लोमोशनमध्ये.”

माझ्या शेजारी एक पंचेचाळिशीचा माणूस उभा होता. भुवयांवर पांढरी तूस, म्हणजे टॉवेल कारखान्यातला, पाळी अर्धवट सोडून थेट आलेला. डोकं पूर्ण टक्कल, त्यावर तेल थापलेलं, आणि त्या तेलाला कापसाची तूस अशी चिकटलेली की टाळूवर कोवळी लव फुटल्यासारखी दिसत होती. मी टक लावून बघतोय हे त्याच्या लक्षात आलं.

“केस न्हाईत काका,” तो म्हणाला. “तूस हाय. पयल्या आठवड्यात बायको बी अशीच फसली.”

हातात तेलाची हिरवी बाटली, निम्मी रिकामी. खिशात दुसरी. मी म्हटलं, सही घ्यायला आलात का बाटलीवर?

“सही कशाला? अनफॉलो करायला आलोय.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझ्या माहितीप्रमाणे ते घरी बसून, एका अंगठ्यानं होतं. तसं बोललोही.

“घरात बसून सोडल्यालं त्याला कसं कळंल ओ?” त्यानं मला कायद्याचं पुस्तक उघडून दाखवावं तशा सुरात विचारलं. “बारा लाखातलं एक गेलं तर त्याच्या बापाला तरी कळंल का? तोंडासमोर उभारून, त्याच्या डोळ्यात बघून दाबायचं. नऊ वाजल्यापासनं उभारलोय. आजची पगारी बुडाली.”

मागे एकदा भाच्यानं मला सांगितलं होतं, २०२४ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला मेट गाला नावाचा बड्या लोकांचा कपडे मिरवायचा सोहळा झाला, तेव्हा गाझावर अवाक्षर न काढणाऱ्या नटनट्यांना लोकांनी भराभर ब्लॉक करायला घेतलं, मोठी मोहीमच झाली. पण ते सगळे आपापल्या सोफ्यावर बसून करत होते. पगार बुडवून, उन्हात, माल हातात घेऊन अनफॉलो करायला आलेला माणूस मी तरी पहिलाच पाहिला.

“दोन घेतल्या,” तो बाटली हलवत म्हणाला. “एक पाचशे नव्व्याण्णव, दोन घेतल्या तर नऊशे नव्व्याण्णव. मी म्हटलं, केस दोन्ही बाजूनी येऊ द्या.”

“पण तुम्ही विश्वास कसा ठेवलात? तो पैसे घेऊन बोलतो हो.”

“आता कळालं. तवा खाली बारीक ‘ॲड’ लिवलं होतं. मला वाटलं वकील हाय.”

मी हसलो नाही. हसता येत नव्हतं, तो इतका गंभीर होता.

“खरंच सांगायलोय. आमच्या गल्लीत बोर्डच हाय की, ॲड. अमुक, ॲड. तमुक. म्हटलं शिकल्यालं पोरगं हाय, कोर्ट सांभाळून केसाचं सांगायलंय, खोटं कशाला बोलंल? वकिलाला कायदा म्हाईत असतोय. पुतण्यानं सांगितलं तवा उजेड पडला. काका, ॲड म्हंजे जाहिरात. मग मराठीत लिवायला काय धाड भरली होती?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस करत असाल तर तसं स्पष्ट, ठळक सांगा, असं केंद्र सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये या इन्फ्लुएन्सर मंडळींना बजावलंय. तेव्हा त्या पोरानं नियम पाळला, असंही कोणी म्हणेल. तीन मिलिमीटरचा पाळला. आमच्याकडे टॉवेलाच्या कोपऱ्यावर धुण्याच्या सूचना असतात ना, साधारण तेवढ्या मायेनं.

साडेदहा वाजले. दहा मिनिटांनी अजून साडेदहाच वाजले होते, असं वाटलं. गर्दीत अडकलं की मला उगाच थोर विचार येतात. आठवलं, इथून जवळच भैय्या चौकात डॉक्टर कोटणीसांचं स्मारक आहे. आमच्याच गावचा मुलगा. १९३८ साली चीनमध्ये गेला, युद्धातल्या जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिला आणि १९४२ च्या डिसेंबरात, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. तिकडे त्याच्या समाधीवर अजून फुलं वाहतात. मी मनातल्या मनात या गर्दीला झापायला सुरुवात केली, की बघा रे, कोणासाठी उन्हात उभं राहावं आणि कोणासाठी राहताय. मग आठवलं, मी स्वतः त्या स्मारकात एकदाच गेलोय, तेही पुण्याचे पाहुणे आले होते म्हणून, आणि आतमध्ये पंखा आहे का, हे आधी बघितलं होतं. झापणं आवरतं घेतलं.

आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? कॉलेजात असताना एका हिरोसारखा भांग पाडता यावा म्हणून पाणी लावून लावून सर्दी ओढवून घेतली होती. फरक एवढाच, की त्या हिरोनं मला तेल विकलं नव्हतं. तो पडद्यावर होता, मी खाली होतो, मध्ये तिकीट होतं. हे पोरगं ‘भावांनो’ म्हणत थेट खिशात हात घालतं. आधी भाऊ करायचं आणि मग बाटली विकायची, याची मला खरी चीड आहे. परकेपणानं विकली असती तर माझी हरकत नव्हती.

“काका, तेवढं एक काम करता का?” तूसवाला म्हणाला. “हा फोन धरा. मी दाबताना माझा व्हिडिओ काढा.”

“आणि दाबणार कशावर?”

“हा पोराचा फोन हाय, ह्याच्यावर शूटिंग. दाबायचं माझ्या फोनवर.” त्यानं सगळा विचार केला होता. “आणि ही बाटली बी धरा जरा.”

असा मी, रीलला नावं ठेवणारा माणूस, एका हातात तेल आणि एका हातात कॅमेरा घेऊन उभा राहिलो. बॉलकॉकची आठवण त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हती, हे कबूल करतो.

मग एकदम गलका झाला. काळी गाडी आली. गाडी म्हणजे ती थांबणार होती असं नाही, ती माणसांतून पुढे सरकत होती. लोक मागे रेटले गेले आणि कैरीवालीची एक पाटी पायाखाली गेली. सात-आठ कैऱ्या गाडीच्या चाकाशी गेल्या, बाकीच्या माणसांच्या. ती बाई ओरडत होती, “ओ, पैसे द्या की कोणीतरी!” बाऊन्सर म्हणाला, “मावशी, बाजूला बसायचं ना.” ती तिथं किती वर्षं बसत असेल कोण जाणे. दुकान आजचं होतं. तिला कोणी पैसे दिले नाहीत. मीही दिले नाहीत, माझे दोन्ही हात गुंतले होते. हे कारण मी बायकोलाही सांगितलं, तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

गाडीच्या छतातून तो वर आला. मी मोजलं, अकरा सेकंद. केस उडवले. स्लोमोशनशिवाय ते अगदी साधे दिसतात, कुत्र्यानं पाणी झटकावं तसे. आमच्या माणसानं छाती भरून आरोळी ठोकली,

“ओ वकीलसाहेब!”

आणि त्यानं बघितलं. शपथेवर सांगतो, बारा लाखांच्या धन्यानं थेट या टकलाकडे बघितलं, हसला, दोन्ही हातांचा बदाम करून दाखवला. मी फोन उंच धरला. आता दाबणार. आता.

आमच्या माणसाचा हात वर गेला आणि त्यानं टाटा केला.

गाडी गेली. तो स्वतःच्या हाताकडे असं बघत होता, जसं ते दुसऱ्या कोणाचं पोर आहे आणि यानं उगाच सांभाळायला घेतलंय.

“आपसूक वर गेला की ओ,” तो म्हणाला.

मग भानावर येऊन त्यानं बटण दाबलं. दाबलं, तर नेट गेलेलं. एवढ्या माणसांनी एकदम व्हिडिओ चढवायला घेतल्यावर दुसरं काय होणार? स्क्रीनवर गोल फिरतंय, फिरतंय. तो फोन डोक्यावर धरून उभा राहिला, मग रस्त्याच्या कडेला गेला, एका पायरीवर चढला. दहा मिनिटं गोल फिरत होतं.

“घरी जाऊन करा,” मी म्हटलं.

“घरी करून काय मजा?” असं पुटपुटत त्यानं माझ्याकडून पोराचा फोन घेतला आणि अशोक चौकाच्या रिक्षात बसला. जाताना माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटतं, त्याला माझी लाज वाटत होती, मी साक्षीदार होतो म्हणून.

बॉलकॉकचं दुकान उद्घाटनामुळे बंद होतं. घरी पोचलो तेव्हा पाणी येऊन गेलं होतं. टाकी भरून, वाहून, जिन्यावरून रस्त्यावर, आणि तिथून समोरच्यांच्या पापडांपर्यंत. पापड उडदाचे होते. त्याबद्दल अजून बोलणी चालू आहेत.

आणि संध्याकाळी ते रील आलं. गाडीच्या छतावरून काढलेलं. त्यात तूसवाला नाही, कैरीवाली नाही. फक्त मी, हातात फोन, तोंड उघडं. मी तेव्हा ‘दाबा! दाबा!’ म्हणत होतो. आवाज काढून त्याजागी गाणं टाकलंय.

तक्रार करायला गेलो तर आधी अकाउंट काढावं लागतं म्हणे. भाच्यानं काढून दिलं. आता रोज रात्री एकदा मी त्या पोराचा आकडा बघतो, एकानं तरी कमी झाला का म्हणून. ते पूर्ण आकडा दाखवतच नाहीत. नुसतं ‘१२ लाख’.

बाटली परत द्यायची राहून गेली. पत्ता नाही, नाव विचारलं नव्हतं. न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली आहे. मंगळवारी ती बरोब्बर निम्मी होती, मी स्वतः हातात धरली होती. आज सकाळी बघितली, लेबलाच्या खाली गेली आहे. मी हात लावलेला नाही. घरात आम्ही दोघंच असतो.