हे टेबल पोलीसवाल्यांचं, ते तलाठीवाल्यांचं

गावच्या अभ्यासिकेची किल्ली यंदा माझ्याकडे आहे. पोलीस भरतीत दोनदा राहिलो, 2023 ला तलाठ्याचा पेपर दिला, आता शेती करतो. राहून जाण्यातलं मला थोडंफार कळतं, तेवढ्याच अधिकारावर लिहितो.

दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. ग्रामपंचायतीची एक खोली, सहा टेबलं, एक कपाट. आजवरची पद्धत अशी की हे टेबल पोलीसवाल्यांचं, ते तलाठीवाल्यांचं, खिडकीजवळचं एमपीएससीवाल्यांचं. कपाटातले कप्पेही तसेच. माझ्या मते सगळं इथंच बिघडते.

तलाठ्याच्या त्या पेपरात 100 प्रश्न होते. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित-बुद्धिमत्ता, प्रत्येकी 25. पोलिसाची लेखी 100 गुणांची, 90 मिनिटांची. इंग्रजी सोडलं तर विषय तेच. समास दोघांनाही आहे, शेकडेवारीही दोघांना. खरा फरक मैदानावर, 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक मिळून 50 गुणांचा, अन् तो काही टेबलावर भरून निघत नाही.

मागच्या महिन्यात एक पोरगा काळ-कामावर दोन दिवस अडला. एक जण 12 दिवसांत काम करतो, दुसरा 18 दिवसांत, तर दोघं मिळून किती? शेजारच्या टेबलावरची पोरगी शेवटी वैतागून म्हणाली, "अरे, 36 तासं निंदायची हायेत समज. एक बाई रोज 3 करते, दुसरी 2. दोघी मिळून 5. सात दिवसांत 35 झाले. आठव्या दिवशी एकच तास उरते, म्हणजे दिवसाचा पाचवा हिस्सा." (तास म्हणजे घड्याळाचा नाही, पिकाची ओळ. बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो.) 7.2 दिवस. पोरगा मोकळा झाला.

पण तिचं हे उत्तर कुठंच लिहून राहिलं नाही. पुढच्या वर्षी नवी पोरं येतील, पुन्हा 12 आणि 18 वर अडतील, तेव्हा ती पोरगी इथं नसेल. दरवर्षी आपण तीच विहीर नव्यानं खोदतो.

म्हणून टेबलं आता विषयवार लावली. प्रत्येक विषयाची एक शंकावही, प्रत्येक घटकाला त्यात वेगळी पानं. डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर, वर तारीख. विचारण्याआधी वही पाहायची. एक जण म्हणाला, "दादा, हे तं सरकारी काम झालं." म्हटलं, तुले तिकडंच जायचं हाय ना?

कपाट उघडलं तर एका गाईडात महाराष्ट्राचे जिल्हे अजून 35. पालघर होऊन किती वर्षं झाली, 1 ऑगस्ट 2014 ची गोष्ट. त्या गाईडातलं गणित मात्र चांगलं आहे, 12 आणि 18 काही जुने होत नाहीत. मी सामान्य ज्ञानाची पानं फाडून टाकली आणि गणित ठेवलं. पुस्तक फाडलं म्हणून दोघं-तिघं अजून माझ्याशी बोलत नाहीत. पुन्हा तसं सापडलं तर पुन्हा फाडीन.

त्याहून वाईट म्हणजे आयोगाचे, म्हणजे एमपीएससीचे, जुने पेपर. आयोग आधी पहिली उत्तरतालिका काढतो, हरकती मागवतो, मग अंतिम तालिका येते. तीत काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. आमच्याकडचे निम्मे पेपर पहिल्या तालिकेवर टिकमार्क केलेले. मी स्वतः त्यातलं एक चुकीचं उत्तर दोन वर्षं घोकलं होतं. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापणाऱ्या परीक्षेत हे आपल्याच पैशानं पाय मोडून घेणं झालं.

एमपीएससीवाले रुसले आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, त्यांना लिहायला शांतता लागते. हे त्यांचं खरं आहे, तेव्हा खिडकीचं टेबल त्यांचंच राहील. पूर्व परीक्षेपुरतं मात्र त्यांनी इकडं येऊन बसावं.

गावात कोणाकडे संयुक्त पूर्व परीक्षेच्या अंतिम उत्तरतालिका छापून ठेवलेल्या असतील तर आणून द्या. पीडीएफ पाठवू नका. इथं प्रिंटर नाही, अन् फोन उघडला की पोरगं रीलवर जाते.