उमेदवार दोनदा भेटल्याशिवाय मत ठरवू नये

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात, नॅशुआत घर घेतलंत, दारातला बर्फ उपसायला शिकलात, आणि आता नागरिकत्वाची शपथही झाली. अभिनंदन. पण मतदारयादीत नाव लागलं म्हणजे आपण न्यू हॅम्पशरचे मतदार झालो, असा गैरसमज करून घेऊ नका. मतदार काय, कॅलिफोर्नियातला तुमचा मेहुणाही आहे. त्याच्या दारात कधी कुणी भावी राष्ट्राध्यक्ष बूट झटकत उभा राहिलाय का? तुमच्या दारात राहील. त्याची तयारी आतापासून ठेवायला हवी, कारण हा मान मिळणं सोपं असलं तरी तो नीट मिरवणं अवघड आहे.

आधी मानाचा इतिहास. अध्यक्षपदासाठी आपल्या पक्षाचा उमेदवार कोण असावा, हे ठरवणारी प्रायमरी देशात सगळ्यात आधी इथे होते, 1920 पासून. ही परंपरा कुणी पळवू नये म्हणून 1975 साली कायदाच करून टाकला: दुसऱ्या कुठल्याही राज्याने अशी निवडणूक कधीही ठेवो, आपली त्याच्या किमान सात दिवस आधी. तारीख ठरवतात राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे इथल्या निवडणुकांचं काम बघणारे अधिकारी. बिल गार्डनर 1976 ते 2022 त्या खुर्चीत होते. 2011 मध्ये नेवाडा फार पुढे सरकतंय असं दिसल्यावर त्यांनी थेट डिसेंबरात मतदान घेण्याची धमकी दिली. म्हणजे 2012 ची निवडणूक 2011 मध्येच उरकायची. तेव्हा निवडणुकीच्या आदल्या हिवाळ्यात पुण्याला जायची विमानाची तिकिटं काढताना ती रद्द करता येतील अशीच काढा. मुंज पुढे ढकलता येते.

थोडक्यात, तुम्ही आता अधिक महिन्यातले जावई आहात. फरक एवढाच की अनारसे दर तीन वर्षांनी मिळतात, हे चार वर्षांनी.

पहिलं पथ्य: आपलं ठरलंय हे कुणालाही सांगायचं नाही. कोल्हापुरात ‘आमचं ठरलंय’ म्हणून बॅनर लावतात. इथे ठरलेल्या माणसाला कुणी कॉफीही पाजत नाही. सगळी आर्जवं, सगळे फोन, सगळे कॅमेरे न ठरलेल्यासाठी असतात. कायद्यातही त्याची सोय आहे. ‘अनडिक्लेअर्ड’, म्हणजे कुठल्याच पक्षाचे नाही, म्हणून नाव नोंदवायचं, मतदानाच्या दिवशी हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागायची, मत टाकायचं आणि बाहेर पडण्याआधी एका कागदावर सही करून पुन्हा अनडिक्लेअर्ड व्हायचं. पक्षप्रवेश, पक्षकार्य आणि पक्षत्याग, सगळं शाळेच्या जिममध्ये दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडच्या आमदारांना याच कामासाठी हॉटेलं, विमानं आणि अधूनमधून गुवाहाटी लागते.

दुसरं: एकदा भेटलेल्या उमेदवाराबद्दल मत बनवणं हे उथळपणाचं लक्षण मानलं जातं. इथला जुना विनोद आहे. एकाला विचारलं, अमक्या उमेदवाराबद्दल काय वाटतं? तो म्हणाला, अजून सांगता येत नाही, दोनदाच भेटलोय. तुम्ही या विनोदावर हसू नका. गंभीरपणे मान हलवा. बघणाऱ्याला कळेल की तुम्ही इथलेच.

भेटायचं कुठे? मँचेस्टरच्या रेड ॲरो डायनरमध्ये. 1922 पासूनची जागा, आणि कोण उमेदवार कुठे बसला त्याच्या पाट्या आहेत. तुम्ही फक्त ऑम्लेट खायला गेलात तरी शेजारी कुणीतरी सिनेटर येऊन तुमच्या ताटाची चौकशी करेल. सेंट ॲन्सेल्म कॉलेजात ‘पॉलिटिक्स अँड एग्ज’ नावाची न्याहारी भरते. तिथे उमेदवार लाकडी अंड्यांवर सह्या करून देतात. ती अंडी घरी दिवाणखान्यात गणपतीशेजारी मांडली तरी चालतात. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचं, ही संभाव्य राष्ट्राध्यक्षांची. त्यातले बहुतेक नंतर काहीच झालेले नसतात, पण ते अंड्यावर लिहिलेलं नसतं.

खरा मान मात्र उमेदवार तुमच्या घरी येण्यात. चाळीस माणसं हॉलमध्ये कोंबायची, बूट दाराशी काढायला लावायचे आणि सगळ्यांना साबुदाणा वडा द्यायचा. उमेदवार खाईल. जानेवारीत न्यू हॅम्पशरमध्ये उमेदवार काहीही खातो, आणि हा लहानपणापासून आपला आवडता पदार्थ असल्याचंही सांगतो. शेजारचे गृहस्थ कोपऱ्यात ताटली घेऊन उभे असतील, त्यांच्याशी जपून बोला. ते आमदार असण्याची बरीच शक्यता आहे. चौदा लाखांच्या या राज्यात कनिष्ठ सभागृहाचे 400 सदस्य आहेत आणि प्रत्येकाला वर्षाला 100 डॉलर मानधन मिळतं. महाराष्ट्राचं काम 288 आमदारांत भागतं, पण त्यातल्या एकालाही स्वतःच्या दारातला बर्फ उपसताना तुम्ही बघितलेलं नाही.

प्रश्न विचारायचा तर साधा विचारा. अवघड प्रश्नांची उत्तरं त्यांनी पाठ केलेली असतात. 27 डिसेंबर 2023 ला बर्लिन नावाच्या इथल्याच गावात एकाने रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी झटणाऱ्या निक्की हेली यांना विचारलं, यादवी युद्ध कशामुळे झालं? चौथीतल्या मुलाला येणारं उत्तर. बाईंनी सरकारची भूमिका, स्वातंत्र्य वगैरे बरंच काही सांगितलं, गुलामगिरीचं नाव तेवढं राहिलं. पुढचे कित्येक दिवस देशभर तेच चाललं. टाळ्यांच्या बाबतीतही हात आखडता ठेवा. 2016 मध्ये हॅनोव्हरला जेब बुश यांनी भाषण संपवलं, सभागृह गप्पच, तेव्हा त्यांना शेवटी ‘प्लीज, टाळ्या वाजवा’ असं म्हणावं लागलं. एक भाऊ आणि वडील दोघेही राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस! घराणेशाहीला इतकी थंड वागणूक बघून आपल्याकडच्या युवराजांना हुडहुडी भरेल.

यावरून आठवलं. नागपूरचे काका फोनवर विचारतील, ही प्रायमरी म्हणजे नेमकं काय? तर सांगायचं की आपल्याकडे तिकीट दिल्लीहून येतं, एबी फॉर्म रात्री उशिरा कुणाच्या तरी खिशातून निघतो, तेच काम इथे मतदार करतात. काका म्हणतील, आपल्याकडेही झालं होतं की असं. झालं होतं. 2014 च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. मत देणार पक्षाचे पदाधिकारी, म्हणजे ज्यांचा उत्साह बैठकीच्या निरोपाबरोबरच यायचा ते. घराणेशाही मोडायला काढलेल्या या प्रयोगातून वर्ध्यात निवडून आले ते तिथल्याच विद्यमान खासदारांचे, दत्ता मेघे यांचे चिरंजीव सागर मेघे. पुढे लोकसभेला वर्धा आणि लातूर दोन्हीकडे काँग्रेस आपटली, आणि त्याच वर्षी मेघे पितापुत्र भाजपमध्ये गेले. लोकशाही पक्षांतर्गत असावी, असा नियम होता. कुठल्या पक्षाच्या अंतर्गत, ते लिहायचं राहिलं असावं.

उत्साहाचं शिखर बघायचं तर उत्तरेला डिक्सव्हिल नॉचला जा. 1960 पासून तिथे मध्यरात्री बाराच्या ठोक्याला मतदान होतं. गावातल्या सगळ्यांनी मत दिलं की मतदान बंद, लगेच मोजणी, लगेच निकाल. 2024 मध्ये एकूण सहा मतदार होते आणि सहाही मतं हेलींना पडली. वार्ताहर आणि कॅमेरे मतदारांपेक्षा कितीतरी जास्त. पहाटे उठलेल्या देशाला कळलं की हेली 100 टक्के मतांनी पुढे आहेत. संध्याकाळी ट्रम्प सुमारे 11 टक्क्यांच्या फरकाने जिंकले. तरी त्या सहा जणांचा मान कमी होत नाही.

आणि तुम्हाला कुणीच पसंत नसेल तर स्वतः उभे राहा. जन्माने अमेरिकन नसल्यामुळे तुम्हाला जमणार नाही, पण मुलीला सांगून ठेवा. सह्या गोळा करायच्या नाहीत, हजार डॉलर भरले की नाव मतपत्रिकेवर. डोक्यावर भलामोठा बूट घालून फिरणारे व्हर्मिन सुप्रीम नावाचे गृहस्थ प्रत्येक नागरिकाला एक तट्टू फुकट देण्याचं आश्वासन देत वर्षानुवर्षं उभे राहतायत. आपल्याकडच्या जाहीरनाम्यांत मिक्सर आणि सायकली वाचलेल्या माणसाला हे तट्टू फार माफक वाटतं.

निकालाचं शास्त्र मात्र नीट समजून घ्या, नाहीतर ज्याला जास्त मतं पडली तो जिंकला असं म्हणून चारचौघांत हसं करून घ्याल. 1968 मध्ये अध्यक्ष जॉन्सन इथे जिंकले. पक्षातूनच त्यांना आव्हान देणाऱ्या युजीन मॅकार्थींना 42 टक्के पडली म्हणून जॉन्सन हरले असं ठरलं, आणि त्या महिन्याअखेर त्यांनी शर्यतच सोडली. 1992 मध्ये बिल क्लिंटन दुसरे आले आणि आपण पुनरागमन केलं असं त्यांनी त्याच रात्री जाहीर केलं. पहिले आलेले पॉल त्सॉन्गस आज कुणाला आठवतात? आयोवात तेव्हा आपल्या प्रायमरीच्याही आधी पक्षाच्या सभांमधून कौल दिला जायचा; त्यावर इथले तेव्हाचे गव्हर्नर सुनुनू 1988 मध्ये म्हणाले होते की आयोवाचे लोक मका निवडतात, न्यू हॅम्पशरचे लोक राष्ट्राध्यक्ष निवडतात. त्यानंतर क्लिंटन, धाकटे बुश, ओबामा आणि बायडन हे चौघेही पहिल्यांदा व्हाइट हाउसला गेले ते इथे हरून. बायडन तर 2020 मध्ये पाचवे आले आणि निकालाची वाटही न बघता साउथ कॅरोलायनाला निघून गेले. मका निवडणाऱ्यांची इतकी चूक होत नसावी.

बायडन ते विसरले नाहीत. 2024 साठी त्यांच्या पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला. न्यू हॅम्पशरने कायदा दाखवून 23 जानेवारीला निवडणूक घेतलीच. बायडन यांनी नाव दिलं नाही. पक्षाच्या राष्ट्रीय समितीने राज्यातल्या शाखेला पत्र लिहिलं की ही निवडणूक निरर्थक आहे, तसं लोकांना समजावून सांगा. त्यावर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने उलट समितीलाच नोटीस धाडली. मतदानाच्या दोन दिवस आधी लोकांना बायडन यांच्या आवाजात फोन आले, तुमचं मत नोव्हेंबरसाठी जपून ठेवा म्हणून. आवाज यंत्राने बनवलेला, खोटा. आता इतकं झाल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने घरी बसून चहा घेतला असता. पण तुमचे शेजारी थंडीत गेले, मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव नव्हतं म्हणून हाताने लिहून आले, आणि ज्याने पाठ फिरवली त्यालाच भरघोस मतांनी जिंकवून आले. हा उत्साह तुमच्यात आपोआप येणार नाही. निदान नाव लिहायचा सराव ठेवा; मराठी शाळेतलं शुद्धलेखन कामी येईल.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही तर तो बिघडला असं समजून दुकानात नेऊ नका. मोहीम पुढच्या राज्यात गेलेली असते. त्याआधी फोटो तेवढे सगळ्यांबरोबर काढून ठेवा, एकही उमेदवार सोडू नका. नोव्हेंबरात जो निवडून येईल त्याचा फोटो मोठा करून चौकटीत लावायचा, बाकीचे फोनमधून काढून टाकायचे, आणि मेहुण्याला पाठवताना खाली लिहायचं की आम्ही तर जानेवारीतच ओळखलं होतं.