पुढची शिफ्ट बघून घेईल

खान्देशातल्या एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात नव्याने रुजू झाला असाल, तर आधी एक पक्कं करून घ्या: पेशंट बरा करणं ही सगळ्यांची जबाबदारी, म्हणजे तुमची नाही. तुमच्याकडे केसपेपर. तो भरलेला असला की कोणी काही बोलत नाही.

टीपीआर चार्टपासून, म्हणजे ताप, नाडी, श्वास लिहायच्या तक्त्यापासून सुरुवात करा. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट छातीपोटाकडे बघत उभं राहावं लागतं. वीस खाटा, वीस मिनिटं. त्यापेक्षा सगळ्यांना '२०' लिहा. न्यूमोनियाचे आजोबा असोत की सिझेरियनची बाई, कागदावर सगळे एका तालात श्वास घेतात. प्रकृती ढासळताना बीपी पडण्याआधीच बहुधा श्वास वाढतो, पण ते तुमच्या ड्यूटीत नोंदवून कशाला घ्यायचं? लघवीचं माप तर घेऊच नका. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना उष्माघाताच्या पेशंटला तासाला किती मिली झाली, हे विचारणारे डॉक्टर सकाळच्या राउंडला येतात. तोवर तुम्ही घरी. 'लघवी झाली' पुरेसं आहे.

हात सॅनिटायझरने चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. ग्लोव्हजची एकच जोडी पाच पेशंटना वापरा. तुमचे हात तर स्वच्छ राहतात ना! वापरलेली सुई पांढऱ्या डब्यापर्यंत नेण्याऐवजी जवळच्या पिवळ्या पिशवीत टाका. पिशवी उचलताना मावशींच्या बोटात घुसली, तर 'काही होत नाही' म्हणा. साबणाने धुऊन लगेच कळवलं तर रजिस्टर भरा, त्या पेशंटचं रक्त तपासा, एचआयव्ही टाळायच्या २८ दिवसांच्या गोळ्या द्या, असा पसारा होतो. ७२ तास गेले की गोळ्यांचा प्रश्नच मिटतो.

खरी कसोटी पावसाळ्यात. कपाशीत, केळीच्या बागेत साप चावलेले येतातच. मळ्यातल्या झोपडीत जमिनीवर झोपलेलेही येतात. नियम सांगतो: नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त घ्या, २० मिनिटं हात न लावता ठेवा, मग एकदा तिरपं करा. गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात उतरलंय. तुम्ही प्लास्टिकची नळी घ्या, नाहीतर साबणाने धुतलेली. दोन्हींत चांगलं रक्तही नीट गोठत नाही, त्यामुळे निकाल काही का लागेना, दोष नळीवर. गोठलंच तर पेशंटला 'काही नाही' सांगून कोपऱ्यातली खाट द्या. मण्यार रक्त गोठू देते. तिच्या दंशाची खूण कधीकधी दिसतही नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. पापण्या मिटताना दिसल्या तर 'पेशंट शांत झोपला आहे' अशी नोंद करा. (चार्टवर श्वास २० आहेच.) सापाच्या विषावरची लस द्यायची वेळ आलीच आणि पेशंट लहान मूल असेल, तर दोनच व्हायल (बाटल्या) द्या. विष वजन बघून टोचलेलं नसतं आणि डोस मोठ्यांइतकाच लागतो, हे साहेब सांगतीलच. अॅड्रेनालिन हे लसीच्या रिअॅक्शनवरचं इंजेक्शन आधी भरून ठेवू नका. रिअॅक्शन आल्यावर कपाटाची किल्ली शोधायला मजा येते.

बोलायचं थोडक्यात. आजी 'पोट दुखी ऱ्हायनं' म्हणाल्या, तर 'पेन अॅब्डोमेन' लिहून मोकळे व्हा. कधीपासून, कुठे, उलटी किती, हे विचारलं तर गप्पा लांबतात. धडगावकडची बाई फक्त पावरी बोलत असेल, तर संमतीपत्रावर आधी अंगठा घ्या. ऑपरेशन कशाचं, हे टाके काढताना कळेल. रात्री साहेबांनी फोनवर डोस सांगितला, तर तो परत उच्चारून खात्री करू नका, त्यांना राग येतो. 'पॉइंट पाच' ऐकलं की 'पाच' हे अंदाजाने ठरवा. दहापटच तर फरक.

पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना, म्हणजे पेशंट सोपवताना, खाटेपाशी जाऊ नका. बॅग खांद्याला लावून दारातूनच 'सगळे स्टेबल' म्हणा. स्टॉकबुक मात्र समोर बसून, एकेक वस्तू हातात घेऊन मोजा. कात्री कमी भरली तर पगारातून कापतात.